स्प्रिंट हॅन्डिकॅपमधले घोडे कसे तोलावेत : नाशिकहून रेसचा अभ्यास करणाऱ्या नवख्यांसाठी

नाशिकला रेसकोर्स नाही. पावसाळ्यात पुण्याचा आणि हिवाळा सुरू झाला की मुंबईच्या महालक्ष्मीचा मोसम, असे आपल्याकडच्या शौकिनांचे वर्ष असते. दोन्ही ठिकाणच्या शर्यती रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब भरवतो. मुंबईत किंवा पुण्यात राहणाऱ्याला पहाटेचा सराव डोळ्यांनी पाहता येतो, पॅडॉकच्या (शर्यतीआधी घोडे फिरवण्याच्या जागेच्या) कठड्याशी रोज उभे राहता येते. आपल्याला ते शक्य नसल्यामुळे बहुतेक अभ्यास आदल्या रात्री घरी कागदावर करावा लागतो. हॅन्डिकॅप शर्यतीपुरता, म्हणजे चांगल्या घोड्याला जास्त वजन देऊन सगळ्यांना बरोबरीत आणणाऱ्या शर्यतीपुरता, हा तोटा वाटतो तितका मोठा नाही, कारण अशा शर्यतीतली सर्वांत महत्त्वाची माहिती, म्हणजे कोणावर किती वजन, ती काही दिवस आधीच छापून आलेली असते.

या लेखात फक्त स्प्रिंटचा, म्हणजे १००० ते १२०० मीटरच्या हॅन्डिकॅप शर्यतींचा विचार केला आहे. १२०० मीटरची शर्यत साधारण ७० सेकंदांत संपते, दहा-बारा घोडे एकदम सुटतात आणि त्यांच्यातला फरक वजनाने जाणूनबुजून पुसलेला असतो. त्यामुळे ‘सर्वांत चांगला घोडा कोणता’ हा नवख्याचा पहिला प्रश्न येथे उपयोगाचा नाही. आजच्या वजनात, आजच्या जमिनीवर आणि आजच्या जागेवरून सुटताना कोणता घोडा हॅन्डिकॅपरने (वजने ठरवणाऱ्या अधिकाऱ्याने) मानले आहे त्यापेक्षा सरस धावू शकतो, हा खरा प्रश्न आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच प्रश्नासाठी आहेत.

जवळ काय असावे

त्या दिवसाचे रेसबुक, प्रत्येक घोड्याच्या निदान मागच्या पाच-सहा धावांची नोंद, क्लबने दिलेला पेनेट्रोमीटरचा (जमिनीचा मऊपणा मोजणाऱ्या सळईचा) आकडा आणि फॉल्स रेलची (आतल्या बाजूच्या तात्पुरत्या कठड्याची) सूचना, वर्तमानपत्रात किंवा रेसबुकात येणारे ट्रॅकवर्क (सरावाच्या नोंदी), जुन्या शर्यतींची चित्रफीत पाहण्याची सोय, रेसकोर्सचा नकाशा, आणि एक वही. महालक्ष्मीला जाणार असाल तर साधी दुर्बीणही घ्यावी. भविष्य सांगणाऱ्या ‘पक्क्या’ टिपांचे संदेश या यादीत मुद्दाम घेतलेले नाहीत. निदान स्वतःचा कागद पुरा होईपर्यंत ते उघडू नयेत, कारण एकदा नाव कानावर पडले की पुढचे सगळे वाचन त्या नावाची वकिली करू लागते.

१. शर्यतीच्या अटी आधी वाचा

घोड्यांची नावे वाचण्यापूर्वी शर्यतीच्या शीर्षकाखालचा बारीक मजकूर वाचावा. अंतर किती, कोणत्या वर्गातील शर्यत, कोणत्या रेटिंगचे (हॅन्डिकॅपरने घोड्याच्या कुवतीला दिलेल्या गुणांचे) घोडे पात्र, वयाची अट आहे काय, शिकाऊ जॉकीला वजनात सूट मिळते काय, हे सगळे तेथेच असते. उदाहरणार्थ, ४० ते ६६ रेटिंगच्या शर्यतीत ६५ रेटिंगचा घोडा वर्गाच्या माथ्यावर असतो, तर ४२ रेटिंगचा घोडा नुकताच खालच्या वर्गातून चढून आलेला असू शकतो किंवा वरून घसरत आलेला. हे दोन प्रकार कागदावर सारखे दिसले तरी त्यांचा अर्थ वेगळा आहे. चढत आलेल्याची कुवत हॅन्डिकॅपरला अजून पुरती कळलेली नसते, आणि घसरत आलेल्याची कदाचित कळून संपलेली असते.

ही शर्यत हॅन्डिकॅप आहे याचीही खात्री करून घ्यावी. इंडियन टर्फ इन्व्हिटेशन कपच्या मेळाव्यात होणारा १२०० मीटरचा स्प्रिंटर्स कप हॅन्डिकॅप नसतो. तेथे चांगल्या घोड्याला त्याच्या चांगुलपणाबद्दल जास्त वजन उचलावे लागत नाही आणि खाली दिलेले बरेचसे गणित लागू पडत नाही.

२. वजनाचा हिशेब मांडा

आपल्याकडे रेटिंगचा एक गुण म्हणजे अर्धा किलो. ६४ रेटिंगच्या घोड्यावर ६१ किलो असतील, तर ५२ रेटिंगच्या घोड्यावर ५५ आणि ४१ रेटिंगच्या घोड्यावर ४९.५ किलो येतात. वरचे घोडे गाळले गेले तर सगळ्यांची वजने सारख्या प्रमाणात वाढवली जातात. त्याने घोड्यांमधले परस्पर अंतर बदलत नाही, म्हणून ‘माझ्या घोड्याचे वजन वाढले’ असे म्हणून घाबरण्याचे कारण नसते.

किती वजन म्हणजे किती अंतर, याचा रूढ ठोकताळा असा: १००० ते १२०० मीटरच्या शर्यतीत सुमारे सव्वा ते दीड किलो म्हणजे एक लेंग्थ, म्हणजेच घोड्याच्या शरीराची एक लांबी, अंदाजे अडीच मीटर. अंतर वाढत जाते तसतसे कमी वजनही एका लेंग्थला पुरते. हा ठोकताळा काटेकोर नियम नाही, परंतु दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांची तुलना करायला त्याच्याइतके सोपे साधन दुसरे नाही.

कल्पित उदाहरण घ्या. मागे १२०० मीटरवर ‘अ’ने ५८ किलो घेऊन ‘ब’ला ३ लेंग्थने हरवले होते आणि तेव्हा ‘ब’वर ५५ किलो होते. आज ‘अ’वर ६१ आणि ‘ब’वर ५५ आहेत. तेव्हा ‘ब’ला ३ किलोंची सवलत होती, आज ६ किलोंची आहे. वाढलेल्या ३ किलोंचे मोल दोन ते सव्वादोन लेंग्थ धरले, तर कागदावर ‘अ’ अजूनही पाऊण-एक लेंग्थने पुढे राहतो. येथे नवखा थांबतो आणि ‘अ’वर खूण करतो. वास्तविक खरे काम येथून पुढे आहे, कारण ते तीन लेंग्थ खरेच तीन होते की नाही हे अजून तपासलेले नाही. ‘ब’ गेटमधून उशिरा सुटला असेल, वळणावर बाहेरून फिरला असेल किंवा हरल्यावर जॉकीने त्याला सोडून दिले असेल, तर तो फरक दीड लेंग्थचाच समजावा आणि मग उत्तर उलटते.

येथे दोन सापळे आहेत. पहिला किमान वजनाचा. एखाद्या घोड्याच्या रेटिंगप्रमाणे ४७ किलो यायला हवे असतील, पण शर्यतीचे किमान वजन त्याहून जास्त असेल, तर तो घोडा प्रत्यक्षात हक्कापेक्षा अधिक वजन वाहतो. हलके वजन दिसले म्हणून त्याला सवलत मिळाली असे मानू नये. दुसरा सापळा जॉकीचा. छापलेले वजन ५० असेल आणि जॉकीला तितके हलके होता येत नसेल, तर जास्तीच्या वजनाची घोषणा होते आणि ती ऐन वेळी होते. उलट शिकाऊ जॉकीची सूट मिळाली तर वजन घटते. हिशेबात नेहमी प्रत्यक्ष वाहिले जाणारे वजन घ्यावे.

३. मागच्या धावा आकड्यांनी नव्हे, कारणांनी वाचा

१, ४, ९, २, ७ अशी क्रमांकांची ओळ पाहून घोडा बेभरवशाचा म्हणणे सोपे आहे. पण तो नववा १६०० मीटरवर आला असेल, सातवा भिजलेल्या जमिनीवर आणि पहिला व दुसरा १००० मीटरवर, तर तो अत्यंत नियमित घोडा आहे. अनियमित होती ती त्याच्यासाठी निवडलेली शर्यत. म्हणून प्रत्येक धावेसमोर वहीत अंतर, जमीन, ड्रॉ (सुटण्याची जागा), वजन, जॉकी आणि विजेत्यापासूनचे अंतर असे सहा रकाने भरावेत. काम कंटाळवाणे आहे, आणि बहुतेक जण ते करत नाहीत हाच त्याचा फायदा आहे.

मग चित्रफीत पाहावी, आणि निदान एकदा विजेत्याकडे न पाहता फक्त आपल्या घोड्याकडे पाहावी. गेट उघडताना तो डोके वर करून उभा होता काय? पहिल्या २०० मीटरमध्ये जॉकीला त्याला ढकलावे लागले की तो स्वतःहून पुढे गेला? शेवटच्या ३०० मीटरमध्ये त्याच्यासमोर भिंत होती काय? स्प्रिंटमध्ये गेटवर गमावलेले दोन लेंग्थ भरून काढायला वेळच नसतो. २००० मीटरच्या शर्यतीत तीच चूक खपून जाते. त्यामुळे उशिरा सुटूनही तीन लेंग्थच्या आत आलेला चौथा घोडा माझ्या लेखी आरामात आलेल्या दुसऱ्यापेक्षा वरचा आहे. मात्र दर वेळी उशिराच सुटणाऱ्या घोड्याला हा न्याय लावू नये. एकदा घडले तर ते दुर्दैव. चारदा घडले तर तो त्याचा स्वभाव, आणि आजही तसेच घडणार असे धरून चालावे.

तीन वर्षांच्या घोड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे सर्व रेसच्या घोड्यांचे वय १ जानेवारीला एक वर्षाने वाढते. कागदावरचे वय सारखे असले तरी मोसमागणिक त्यांची शरीरे भरत जातात, आणि तीन-चारच धावा झालेल्या तरुण घोड्याचे रेटिंग हा हॅन्डिकॅपरचाही अंदाजच असतो. सहा-सात वर्षांच्या, चाळीसएक धावा झालेल्या घोड्याबाबत हॅन्डिकॅपर क्वचितच फसतो. अशा घोड्याचा विचार करताना तो मागे कोणत्या रेटिंगवर जिंकला होता हे पाहावे. आजचे रेटिंग त्याहून खाली आले असेल आणि सराव बरा असेल, तर त्याला रद्द करू नये.

४. वेगाची मांडणी आणि ड्रॉ

ही पायरी मी सर्वांत महत्त्वाची मानतो, आणि रेसबुकात ती आयती मिळत नाही. एका कागदावर गेटचे क्रमांक ओळीने लिहून प्रत्येकासमोर घोड्याची सवय लिहावी: आघाडी घेणारा, आघाडीच्या पाठीशी राहणारा, मधला, मागून येणारा. मग पाहावे की आघाडी घेणारे किती आहेत.

एकच असेल, तर त्याला वेग आपल्या मर्जीने ठरवता येतो, मध्येच दम घेता येतो, आणि मग शेवटी त्याला गाठणे कठीण जाते. असा एकटा पुढारी वजनाच्या हिशेबात एखाद्या लेंग्थने मागे असला तरी मी त्याला वर घेतो. चार असतील, तर पहिले ४०० मीटर ते एकमेकांना जाळतात आणि पाठीशी टपून बसलेल्याचे फावते. मागून येणाऱ्यांना मात्र घाईने बढती देऊ नये. १००० मीटरमध्ये पुढचे थकले तरी त्यांना गाठायला उरलेले अंतर फार थोडे असते.

ड्रॉ म्हणजे गेटमधली जागा. ‘आतली जागा चांगली’ हे अर्धसत्य आहे. कोर्सच्या नकाशावर त्या अंतराचे गेट कोठे उभे राहते आणि तेथून वळण किती दूर आहे ते पाहावे. वळण जवळ असेल तर बाहेरच्या घोड्याला जास्त अंतर धावावे लागते. पण आतल्या गेटमधून संथपणे सुटणारा घोडा पहिल्या शंभर मीटरमध्येच कोंडला जातो, आणि त्याच्यासाठी तीच ‘चांगली’ जागा पिंजरा ठरते. म्हणून ड्रॉ एकटा वाचू नये. घोड्याच्या सुटण्याच्या सवयीबरोबर आणि शेजारच्या गेटमध्ये कोण आहे याच्याबरोबर वाचावा. त्या दिवशीच्या आधीच्या शर्यतींमध्ये विजेते कठड्यालगत येत आहेत की मधोमध, हेही टिपावे. जमीन एका बाजूला जास्त तुडवली गेली की ड्रॉबद्दलचे सगळे जुने निष्कर्ष बदलतात.

५. जमीन

क्लब पेनेट्रोमीटरचा आकडा जाहीर करतो. आकडा जितका मोठा, तितकी सळई जमिनीत खोल गेली, म्हणजे जमीन तितकी मऊ. फॉल्स रेल किती बाहेर आणली आहे हेही वाचावे, कारण त्याने ताजे गवत धावायला मिळते आणि वळणाची गोलाईही बदलते. आधीच्या मोसमातल्या वेळा आजच्या वेळांशी थेट ताडून पाहू नयेत, याचे हे एक मोठे कारण आहे.

पुण्याचा मोसम पावसातला असतो आणि नाशिककर येथे हमखास चुकतो. आपल्याकडे गंगापूर धरणातून पाणी सोडले, रामकुंडावर पूर आला, म्हणून पुण्याचा ट्रॅक चिखल झाला असेल असे गृहीत धरू नये. रेसकोर्सवरचा पाऊस वेगळा, आपला वेगळा. त्या सकाळचा जाहीर आकडा हाच आधार मानावा, आणि जमीन मऊ झाली असेल तर मऊ जमिनीवर आधी धावलेले घोडे वहीतून वेगळे काढावेत. जोरदार पावसात १००० मीटरची शर्यतसुद्धा दमाची परीक्षा होते. नुसत्या वेगावर जगणारा घोडा शेवटच्या १५० मीटरमध्ये उभा राहतो.

६. ट्रॅकवर्क वाचताना

ट्रॅकवर्कमध्ये ‘६००/३८’ असे लिहिलेले असते. शेवटचे ६०० मीटर ३८ सेकंदांत, असा त्याचा अर्थ. पुढे ‘आरामात’, ‘दाबून’, ‘मोकळेपणाने’ अशा अर्थाचा शेरा असतो. आकड्यापेक्षा शेरा मोलाचा समजावा. दाबून काढलेले ३७ आणि आरामात आलेले ३९ यांत मला दुसरे आवडते. सराव वाळूवर झाला की गवतावर, वर शर्यतीतला जॉकी होता की सरावाचा स्वार, दोन घोडे बरोबर धावले असतील तर जोडीदार कोणत्या वर्गाचा, हे तपासल्याशिवाय नुसत्या सेकंदांवर मत बनवू नये. बराच काळ विश्रांती घेतलेल्या घोड्याबाबत मॉक रेस (सरावाची शर्यत) किंवा गेटचा सराव झाला आहे काय ते पाहावे.

७. ट्रेनर, जॉकी, साधने

याबद्दल बाजारात सर्वाधिक बोलले जाते, म्हणून येथे थोडक्यात. जॉकी बदलला म्हणून घोडा बदलत नाही. मात्र एकाच तबेल्याचे दोन घोडे शर्यतीत असतील आणि तबेल्याच्या पहिल्या जॉकीने एक निवडला असेल, तर नोंद घ्यावी; दुसऱ्यावरचे वजन त्या जॉकीला झेपणारे नसेल, तर त्या निवडीला अर्थ देऊ नये. ब्लिंकर्स (डोळ्यांच्या बाजूची झापडे) पहिल्यांदाच लावले असतील तर घोडा गेटमधून अधिक वेगाने सुटण्याची शक्यता धरून चौथ्या पायरीचा कागद पुन्हा पाहावा.

८. नावांऐवजी टक्के लिहा

आता प्रत्येक घोड्यापुढे त्याच्या जिंकण्याची शक्यता टक्क्यांत लिहावी आणि बेरीज १०० होईपर्यंत दुरुस्त करत राहावे. हा व्यायाम मनाला शिस्त लावतो, कारण एकाला पाच टक्के वाढवले की ते दुसऱ्या कोणाकडून तरी काढावेच लागतात. बारा घोड्यांच्या स्प्रिंट हॅन्डिकॅपमध्ये पहिल्या पसंतीला ४० टक्क्यांहून अधिक देण्याचा मोह झाला, तर वजनाचा हिशेब पुन्हा तपासावा. २५ टक्के म्हणजे ३/१ चा (एकाला तीन) भाव, २० टक्के म्हणजे ४/१. रेसकोर्सवरचे भाव असेच टक्क्यांत बदलून बेरीज केली तर ती १०० च्या वर जाते, आणि वरचा भाग हा बुकीचा वाटा असतो.

पैशांबद्दल इतकेच सांगतो की १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतींना कौशल्याचा खेळ मानले असले, तरी पैज कायदेशीर राहते ती परवानाधारक व्यवस्थेतच. गल्लीतला बुकी त्यात येत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून पैजेवरच्या जीएसटीचा दर ४० टक्के आहे, जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर वेगळा, आणि हरलेल्या पैजांची वजावट त्यातून मिळत नाही. एवढा बोजा घेऊन नियमितपणे नफा मिळवणे किती अवघड आहे ते कागदावर करून पाहावे. हा अभ्यास एक रुपयाही न लावता पूर्ण करता येतो, आणि निदान पहिला मोसम तसाच करावा.

९. पॅडॉकमध्ये काय पाहावे

नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरून पश्चिम रेल्वेची लोकल धरली की प्रभादेवी आणि लोअर परळच्या लगेच पुढचे स्टेशन महालक्ष्मी, म्हणजे गाडी दादरहून निघाल्यावर तिसऱ्या थांब्याला उतरावे. शर्यतीच्या आधी किमान वीस मिनिटे पॅडॉकशी जागा घ्यावी.

उत्तर महाराष्ट्रातल्या आपल्यापैकी अनेकांची घोड्याची पारख सारंगखेड्याच्या बाजारात झालेली असते. तेथे भोवरे, रंग, कानांची ठेवण, चालीतला डौल पाहतात. रेसच्या थरोब्रेडला त्यांतले काहीही लागू नाही. येथे मागचे पुठ्ठे भरलेले आहेत काय, कातडीवर तुकतुकी आहे काय, आणि चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापलीकडे पडतो काय, इतके पाहावे. मुंबईच्या दमट हवेत मानेवरचा घाम सगळ्यांनाच येतो, त्याला महत्त्व देऊ नये. मागच्या पायांमध्ये पांढरा फेस आला असेल आणि घोडा सारखा आडवा नाचत असेल, तर तो शर्यतीआधीच शक्ती खर्च करत आहे. तरीही पॅडॉकने कागदावरचे टक्के चार-पाचांपलीकडे हलवू नयेत, असे माझे मत आहे. देखणेपणाला भुलून रात्रीचा हिशेब फाडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

१०. शर्यतीनंतरचे काम

निकाल लागल्यावर कागद टाकून देऊ नये. आपण आघाडीवर धरलेला घोडा खरोखर आघाडीवर गेला काय, वेग अपेक्षेइतका झाला काय, कोण कोंडला गेला, कोणाचे वजन प्रत्यक्षात वेगळे निघाले, हे त्याच रात्री परतीच्या गाडीत लिहून काढावे. दोन दिवसांनी फक्त विजेता आठवतो. कोंडला गेल्यामुळे पाचवा आलेला घोडा दिसला, तर त्याचे नाव, वजन आणि रेटिंग वहीच्या शेवटच्या पानावर वेगळे उतरवावे. पुढच्या यादीत त्याचे रेटिंग एक-दोन गुणांनी उतरलेले दिसले आणि अंतर तेच असले, तर अभ्यासाला त्याच्यापासून सुरुवात करावी.